साबण आणि सोवळे

साबण आपल्याकडे लोकांना स्वच्छ करायला आला खरा, पण कित्येक घरांत तो स्वतःच ओवळा ठरला आणि मोरीच्या बाहेर राहिला.

१८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. त्यात खोबरेल आणि सरकीच्या तेलाचा भाग मोठा होता, पण चरबीही होती. आणि चरबी म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न आपल्या देशात फार महागात पडतो. काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय झाले, ते कंपनी सरकारला विचारा!

भिवंडीतल्या आमच्या आजीला रसायनशास्त्राचा गंध नव्हता, पण साबणात चरबी असते एवढे पक्के ठाऊक होते. अंगाला डाळीचे पीठ, केसांना शिकेकाई, रेशमी वस्त्राला रिठा आणि भांड्यांना राख, असा तिचा सगळा कारखाना. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळे. आजीच्या मते देवाच्या दयेमुळे. काही असो, फेस यायचा. आजोबांनी एकदा हौसेने गुलाबी वडी आणली, तेव्हा तिने ती चिमट्याने उचलून परसात ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही हवं तर लावा. मग देवघरात मात्र येऊ नका."

देवघर आणि साबण यांचे जमवून द्यायची युक्ती आर्देशीर गोदरेज यांना सुचली. कुलपे आणि तिजोऱ्या करणारा हा माणूस. १९१८ साली त्यांनी निव्वळ वनस्पती तेलाचा धुण्याचा साबण काढला, नाव 'चावी'. (कुलूपवाल्याने दुसरे काय नाव द्यावे?) मग अंगाचा साबण आला, त्याचे नाव 'नंबर दोन'. 'नंबर एक' मागाहून, १९२२ साली. दोन नंबरचा इतका चांगला, तर एक नंबरचा कसा असेल, असे गिऱ्हाइकाच्या मनात यावे हा हिशेब होता म्हणे. स्वदेशीचा काळ होता. रवींद्रनाथ ठाकुरांनीही या साबणाची शिफारस केली. आजीने ठाकुरांचे नव्हे, शेजारच्या काकूंचे ऐकले, आणि वडी एकदाची मोरीत आली.

चरबीविना साबण हा आपलाच शोध असे मानायला मी तयार होतो, पण फ्रान्सच्या राजाने १६८८ सालीच मार्सेयच्या साबणवाल्यांना ऑलिव्ह तेलाखेरीज दुसरे काही वापरायची बंदी केली होती. सोवळे तिकडेही होते, फक्त ते व्यापाराचे.

पुढे १९८३ साली वनस्पती तुपात परदेशी चरबी मिसळल्याचा गदारोळ उठला आणि चरबीची आयात बंद झाली. आजीने वर्तमानपत्र न उघडताच "मी काय सांगत होते!" म्हणून टाकले.

आता आमची पुतणी घरी साबण करते. 'व्हीगन'. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. नाहीतर उसळून तोंडावर येतो. खोबरेल फेसाला, एरंडेल तो फेस टिकायला, कोकमाचे मुठेल वडी घट्ट व्हायला. मग चार ते सहा आठवडे वड्या फळीवर नुसत्या वाळत बसतात. एवढ्यात आमच्याकडे पापडही वाळून संपतात.

मी सुचवले, "थोडं दूध आणि मध घाल की. बरं असतं कातडीला."

"काका, दूध वासराचं असतं. आणि मध माशांचा."

दूध, दही, तूप, मध सगळे बाद. पंचामृतातली एक साखर तेवढी उरली! आजीचे सोवळे हिच्यापुढे ढिले म्हणायचे. पण आजी चरबीला शिवत नसे ती स्वतः बाटू नये म्हणून. ही शिवत नाही ती जनावरासाठी. ती चरबी काढणाऱ्या, कढवणाऱ्या माणसाला आजीने आमच्या कोणत्या पायरीवर थांबवले असते, ते मला ठाऊक आहे. पुतणीच्या सोवळ्यात निदान कोणी दाराबाहेर उभे राहत नाही.

अडचण वेगळ्याच बाजूने आली. आमचे गाव मागांचे. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले आणि इथे माग घालून बसले. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर ते तटातट तुटते. या खळीत स्टार्च किंवा चिंचोक्याचे पीठ, आणि सूत मऊ राहावे म्हणून पूर्वी सर्रास बकऱ्याची चरबी. धुलाईत ती बहुतेक निघून जाते, पण कोऱ्या कापडात राहते. म्हणजे आजी ज्या चरबीला मोरीत येऊ देत नव्हती, ती कोऱ्या लुगड्याच्या घडीतून थेट घरात येत असणार.

पुतणीने प्लॅस्टिक नको म्हणून साबणासाठी पिशव्या शिवून घेतल्या होत्या, भिवंडीच्याच कोऱ्या मांजरपाटाच्या. मी हे सांगितल्यावर ती तडक सायझिंगवाल्याकडे गेली.

"चरबी? छे, आता केमिकल येतं," तो म्हणाला.

"कशाचं? झाडाचं की प्राण्याचं?"

त्याने ड्रम फिरवून पाहिला. "सॉफ्टनर लिहिलंय."

पिशव्या सध्या आमच्या माळ्यावर आहेत.