डाग आणि ढाल

आमच्या रेणापुराकडे दातांची निगा म्हणजे कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी, चुलीतली राखुंडी आणि बायामाणसांची मिसरी. एवढे करूनही एखाद्या पोराचे दात पिवळे-तपकिरी दिसले, की त्याला आळशी ठरवून लोक मोकळे होतात. मास्तरकी करताना असे निवाडे मी पुष्कळ ऐकले आहेत. म्हणून या डागाचा इतिहास वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे दवाखाना थाटून बसला. तिथल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग असत. ते घासून निघत नसत. पण असे दात किडतही कमी. वर्षानुवर्षांच्या शोधानंतर त्याचा संशय पिण्याच्या पाण्यावर जाऊन थांबला. आर्कन्सॉमधील बॉक्साइट या खाणीच्या गावाला उथळ आडांऐवजी खोल विहिरींचे पाणी मिळू लागले, आणि पुढच्या पिढीचे दात डागाळले. १९३१ साली चर्चिल या रसायनज्ञाला त्या पाण्यात फ्लोराइड सापडले. दहा लाख भागांत ते १३.७ भाग होते. पुढे ट्रेंडली डीनने दाखवून दिले, की तेच प्रमाण एक भागाच्या आसपास असेल तर कीड घटते आणि डागही फारसा दिसत नाही. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराने ते नळाच्या पाण्यात मुद्दाम मिसळले. डागाची ढाल झाली ती अशी.

या ढालीचे मर्म सोपे आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि ते दाताच्या चकाकत्या कवचातील, म्हणजे इनॅमलमधील, खनिज विरघळवते. फ्लोराइड त्या खनिजात शिरले, की ते आम्लाला सहजी दाद देत नाही. १९६० साली लेसर किरण अवतरला, आणि त्याच दशकात कॅलिफोर्नियात स्टर्न व सोग्नेस यांनी तो इनॅमलवर सोडून पाहिला. तेव्हा तापून निघालेले इनॅमल आम्लात कमी विरघळले. आता फ्लोराइडचा लेप आणि लेसर यांची जोडीही आजमावली जाते.

परंतु आपल्या मुलखात प्रश्न उलटा आहे. १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात अशा पाण्याने दातच नव्हे, हाडेही बिघडल्याची नोंद झाली. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातही काही भागांत भूगर्भातील पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा विंधन विहिरींकडे वळला; तहान भागली, पण पोटात काय जाते ते डोळ्यांना दिसेना. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत बसवून दिली, ती याच दुखण्यावर.

एक गोष्ट मात्र ध्यानी धरावी. पक्के दात हिरडीखाली घडत असतात, तेव्हाच हा डाग पडतो. दात उगवल्यावर कितीही राखुंडी घासली तरी तो निघत नाही. तेव्हा डागाळलेल्या दातांचे पोर दिसले, तर आधी त्याच्या घरी कुठले पाणी भरतात ते विचारावे. बोल लावायचाच तर तो पाण्याला लावावा, पोराला नव्हे.