मांडीवरचे दहा लाख ठिपके

युनिक्सवर चालणारा ताकदवान लॅपटॉप हातात आला की मी माहितीपत्रकातले आकडे बाजूला ठेवतो. एखादा मोठा प्रोग्रॅम मूळ कोडपासून कंपाइल करायला लावतो आणि घड्याळ बघतो. मग चार्जर काढून तेच काम पुन्हा. वेळ किती वाढला, तळ मांडीवर सोसवेल इतका गार राहिला का, यावर बरंच काही कळतं. शेवटी टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडतो. ही शेवटची परीक्षा सगळ्यांत जुनी आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी आणि सहकाऱ्यांनी वर्कस्टेशनसाठी किमान माप ठरवलं. एक मेगाबाइट मेमरी, सेकंदाला दहा लाख आज्ञा, पडद्यावर दहा लाख ठिपके. तीन मेगा, म्हणून ‘थ्री-एम’. किंमत दहा लाख सेंट, म्हणजे दहा हजार डॉलरच्या आत असावी, असंही म्हटलं जाई. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला ज्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक, ती १९८२ मध्ये याच वर्गातली यंत्रं घेऊन उभी राहिली. ती टेबलावरची होती.

उचलून नेता येणारं युनिक्स एचपीने १९८५ मध्ये ‘इंटिग्रल पीसी’त दिलं. वजन अकरा किलोंच्या घरात, बॅटरी नाही. पण युनिक्सचा गाभाच रॉममध्ये कोरलेला, आणि वर चक्क प्रिंटर बसवलेला! मला हे यंत्र फार आवडतं. वाहून नेण्याचा ध्यास त्यात उघड दिसतो. पडदा मात्र ५१२ बाय २५५, म्हणजे १,३०,५६० ठिपके.

पुढे केंब्रिजच्या टॅडपोल कंपनीने वहीसारखं मिटणारं ‘स्पार्कबुक’ काढलं. वेग आणि मेमरी थ्री-एमच्या कितीतरी पुढे गेली. पडदा ६४० बाय ४८०. आठ ठिपके रुंदीचं अक्षर धरा: ऐंशी अक्षरांची ओळ लिहिली की पडदा संपला. दुसरी खिडकी उघडायची तर पहिली झाकायची. वेगवान यंत्रावर माणूसच खोळंबलेला.

पडदा मागे राहिला त्याला कारण होतं. चांगल्या रंगीत एलसीडीत प्रत्येक ठिपक्यामागे तीन ट्रान्झिस्टर लागतात; दहा लाख ठिपके म्हणजे तीस लाख, तेही एका सलग काचेवर. एक बिघडला तरी डाग कायमचा. शिवाय मागचा दिवा बॅटरी खातो.

थ्री-एमचंच माप डोळ्यांसमोर ठेवून स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्टने १९८८ मध्ये टेबलावरचं यंत्र आणलं होतं: ११२० बाय ८३२, म्हणजे ९,३१,८४० ठिपके. पुढे ॲपलने नेक्स्ट विकत घेतली, आणि तिच्या युनिक्सवरून घडलेली मॅक ओएस टेन मार्च २००१ मध्ये आली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेलं टायटॅनियम पॉवरबुक इंचभर जाड, सुमारे २.४ किलोचं. पडदा ११५२ बाय ७६८, म्हणजे ८,८४,७३६. अजून थोडं कमीच.

एप्रिल २००२ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती आली, १२८० बाय ८५४: १०,९३,१२०. आणि आठ ठिपक्यांच्या अक्षराने मोजलं तर ऐंशी अक्षरांच्या दोन ओळी शेजारी शेजारी मावल्या, डावीकडे कोड, उजवीकडे कंपायलरने दाखवलेली चूक.