मेणाच्या रंगांची हरवलेली कृती

मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवले की लोण्यासारखे मऊ मलम तयार होते. आजचे अनेक चित्रकार ते तैलरंगात कालवून सुरीने फळीवर थापतात. रंगवताना शेगडी लागत नाही, म्हणून या मलमाला ‘थंड मेण’ म्हणतात. कृती अगदी सोपी; शाळेतही करून पाहता येईल अशी. पण तिच्यामागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक कडाक्याचे भांडणही आहे. शोध लागला तर त्याची कृती जगाला सांगावी की स्वतःपाशी ठेवावी, या प्रश्नावरचे ते भांडण होते.

प्राचीन ग्रीक आणि रोमन चित्रकार मेणात रंग कालवून चित्रे काढीत. या पद्धतीला ‘एन्कॉस्टिक’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भाजून पक्के केलेले’ असा आहे. म्हणजे उष्णता हा या कृतीचा गाभाच होता. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ.स. ७९) याने आपल्या ‘निसर्गेतिहास’ या ग्रंथात ‘प्यूनिक मेण’ करण्याची रीत दिली आहे. पिवळे मेण उघड्या हवेत ठेवावे, मग भर समुद्रातून आणलेल्या पाण्यात नैसर्गिक सोडा घालून उकळावे. वर येणारा पांढरा भाग पळीने काढून थंड पाण्यात टाकावा. हे पुन्हा पुन्हा करावे आणि शेवटी मेण उन्हात व चांदण्यात वाळवावे. हा सोडा म्हणजे आपल्या पापडखाराचा जवळचा नातेवाईक.

प्लिनीच्या आधीचा वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस याने मेणाचा आणखी एक उपयोग सांगितला आहे. हिंगूळ लावलेली भिंत उघड्यावर काळवंडते. फाबेरियस नावाच्या एका लेखनिकाने हौसेने आपल्या घराच्या भिंती हिंगुळाने रंगवल्या आणि तीस दिवसांत त्या विद्रूप झाल्या. यावर उपाय म्हणून भिंत वाळल्यावर थोडे तेल घातलेले पातळ प्यूनिक मेण कुंच्याने लावावे, निखाऱ्यांच्या भांड्याने भिंतीला घाम फुटेपर्यंत शेक द्यावा आणि मग ती कापडाने घासावी, असे तो सांगतो.

हे वर्णन वाचून कृती समजली असे वाटते. प्रत्यक्ष करू गेले की अडचणी कळतात. सोडा किती? उकळायचे किती वेळ? मेणात रंग कसा मिसळायचा? प्लिनी स्वतः चित्रकार नव्हता. त्याने वाचलेले आणि ऐकलेले नोंदवले. जोवर गुरूच्या हाताखाली शिष्य शिकत होते, तोवर या उणिवा जाणवल्या नाहीत. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात सहाव्या शतकातले ख्रिस्ताचे चित्र आहे, तेही मेणाचेच. पुढे मात्र ही परंपरा क्षीण होत गेली. शब्द उरले, हात गेले.

अठराव्या शतकात पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही गाडली गेलेली नगरे उकरली जाऊ लागली आणि प्राचीन चित्रकलेविषयी युरोपात कुतूहल वाढले. फ्रान्समधील एक सरदार व पुरातत्त्वप्रेमी, कोंत द केलुस, याने प्लिनीच्या ओळींवरून प्रयोग सुरू केले. त्याच्या सांगण्यावरून व्हियां या चित्रकाराने मिनर्व्हा देवीचे मस्तक मेणाने रंगवले. १७५४ साली ते पॅरिसमध्ये विद्वानांपुढे मांडले गेले. चित्र सर्वांनी पाहिले, पण कृती लगेच जाहीर झाली नाही.

इथे वादाला तोंड फुटले. विश्वकोशकार दनी दीद्रो याने १७५५ साली एक निनावी पुस्तिका काढून मेणाच्या चित्रांचे ‘गुपित’च छापून टाकले. ज्ञानाच्या वाढीला लपवाछपवीइतके घातक दुसरे काही नाही, असे त्याचे म्हणणे होते. मेणाने चित्रे काढण्याचा पहिला मान बाशलिए या चित्रकाराचा, असेही त्याने सांगितले. १७४९ साली खेळणाऱ्या मुलांच्या हातून मेणाची गोळी टर्पेंटाइनच्या वाटीत पडली, ती विरघळली आणि बाशलिएला कल्पना सुचली, अशी हकीकत त्यात आहे. पुढे बाशलिएने मेण पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात मिसळूनही पाहिले. त्याच वर्षी केलुसनेही वैद्य माजो याच्यासह आपल्या पद्धती सविस्तर प्रसिद्ध केल्या.

मान कोणाला मिळाला हा प्रश्न आज गौण आहे. या भांडणामुळे दोन्ही बाजूंच्या कृती छापील स्वरूपात सर्वांच्या हाती आल्या, ही खरी मिळकत. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेले मेण म्हणजे प्राचीनांचे एन्कॉस्टिक नव्हे, कारण त्यात भाजणे नाही, हा आक्षेपही तेव्हाच पुढे आला. आजचे थंड मेण याच जातीचे; त्याला प्राचीन रोमन कृती म्हणणे बरोबर नाही.

विशेष म्हणजे या मंडळींपुढे आधार होता तो मुख्यतः ग्रंथांतील शब्दांचा. प्राचीन मेणचित्रे मोठ्या संख्येने सापडली ती १८८७-८८ च्या सुमारास, इजिप्तमधील फायूम भागात. फ्लिंडर्स पेट्री याने १८८८ साली हवारा येथे उत्खनन केले, तेव्हा ममींच्या चेहऱ्यांवर बसवलेल्या पातळ फळ्यांवरची व्यक्तिचित्रे मिळाली. रोमन अंमलातील ही चित्रे आहेत. काहींवर कुंच्याचे आणि हत्याराचे ओरखडे अजून स्पष्ट दिसतात.

आता रसायनशास्त्राकडे वळू या. मधमाश्यांचे मेण हा एकच पदार्थ नाही. त्यात मोठा भाग एस्टरांचा असतो, सुमारे आठवा हिस्सा मुक्त मेदाम्लांचा आणि साधारण तेवढाच हायड्रोकार्बनांचा. सोडा या मेदाम्लांशी संयोग पावून साबण तयार करतो आणि त्या साबणामुळे उरलेले मेण बारीक कणांच्या रूपात पाण्यात पसरते. एस्टर तोडण्यास मात्र याहून तीव्र अल्कली लागते. म्हणून प्यूनिक मेण हे केवळ शुद्ध केलेले पांढरे मेण होते, की पाण्यात मिसळणारे मेण, याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पेट्रीने रंगाचे पोपडे निघू नयेत म्हणून काही फळ्यांवर पॅराफिन ओतले होते. त्यामुळे जुने मेण कोणते आणि नवे कोणते, हे विश्लेषकांना आधी वेगळे करावे लागते. अशा चित्रांचा एकत्रित अभ्यास करण्यासाठी गेटी संग्रहालयाने २०१३ साली अनेक संग्रहालयांना बरोबर घेऊन प्रकल्प सुरू केला.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. पहिल्यात १० ग्रॅम मेण किसून झाकणाच्या काचेच्या बरणीत घ्यावे आणि त्यावर २० ते २५ मिलिलिटर टर्पेंटाइन ओतावे. बरणी सावलीत ठेवून अधूनमधून ढवळावे. काही दिवसांत मलम तयार होईल. टर्पेंटाइन सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणून ते ज्योतीजवळ कधीही नेऊ नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हे मलम फळीवर लावून वाळू द्यावे, मग त्यावर टर्पेंटाइनचा थेंब टाकावा. थर पुन्हा मऊ होतो. म्हणजे मेण ‘वाळले’ याचा अर्थ टर्पेंटाइन उडून गेले एवढाच. तैलरंगातील जवसाचे तेल मात्र हवेतील ऑक्सिजन घेऊन कायमचे घट्ट होते.

दुसरा प्रयोग वेगळ्या दिवशी, टर्पेंटाइन दूर ठेवून, शिक्षकांनी स्वतः करावा. तीन भांड्यांत सारखे पाणी गरम करावे. पहिल्यात मधमाश्यांचे मेण, दुसऱ्यात तेच मेण आणि चमचाभर धुण्याचा सोडा, तिसऱ्यात पॅराफिन आणि तितकाच सोडा घालावा. मेण वितळल्यावर ढवळून थंड होऊ द्यावे. पाणी कोणत्या भांड्यात दुधाळ राहते आणि का, हे विद्यार्थ्यांनी सांगावे. मेणबत्तीत पुष्कळदा स्टिअरिक आम्ल मिसळलेले असते, म्हणून निव्वळ पॅराफिन घ्यावे.

प्रयोग संपल्यावर प्रत्येक गटाला आपली कृती लिहायला सांगावी आणि ती दुसऱ्या गटाला देऊन, काही न विचारता, करायला लावावी. वजन, वेळ किंवा उष्णता यांपैकी काय लिहायचे राहिले, ते तिथे लगेच उघड होईल. प्लिनीच्या वाचकांची सोळाशे-सतराशे वर्षे याच उणिवेपायी अडून राहिली, हे मग विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही, असे आम्हांला वाटते.