ब्लू मून (एल्व्हिस प्रेस्ली यांचे ध्वनिमुद्रण)

रिचर्ड रॉजर्स (संगीत) व लॉरेन्झ हार्ट (शब्द) यांचे 'ब्लू मून' हे १९३४ मधील गीत एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९ ऑगस्ट १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. मूळ गीताच्या अखेरीस एकाकी प्रियकराला सखी लाभते. प्रेस्ली यांनी मधला भाग व हा सुखान्त दोन्ही गाळले आणि त्या जागी उंच, पातळ आवाजात शब्दहीन आलाप घेतले. टापांसारख्या संथ ठेक्यावर एकाकीपण तसेच उरते. रॉक अँड रोलच्या धडाक्यात हे गीत वेगळेच वाटते. निर्माते सॅम फिलिप्स यांनी ते प्रकाशित केले नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टरने प्रेस्ली यांचा करार सनच्या ध्वनिफितींसह विकत घेतला. मार्च १९५६ च्या 'एल्व्हिस प्रेस्ली' या पहिल्या अल्बममध्ये सनची जी पाच अप्रकाशित गीते घेतली गेली, त्यांत हे एक होते.