चर्चिल कागदपत्रांची खरेदी (१९९५)

चर्चिल कागदपत्रांची खरेदी हा ब्रिटनचे माजी पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचा खासगी कागदपत्रसंग्रह सार्वजनिक निधीतून राष्ट्रासाठी विकत घेण्याचा व्यवहार होय. तो एप्रिल १९९५ मध्ये जाहीर झाला. राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून १ कोटी २५ लाख पौंड देण्यात आले; दानशूर जॉन पॉल गेटी (धाकटे) यांनीही देणगी दिली.

पार्श्वभूमी

चर्चिल यांनी आपली कागदपत्रे १९४६ मध्ये वंशजांच्या हितासाठी स्थापन केलेल्या न्यासाकडे सोपविली होती. जुलै १९४५ मध्ये त्यांचे पंतप्रधानपद गेले, तोपर्यंतचे कागद ‘चार्टवेल कागदपत्रे’ म्हणून ओळखले जातात. त्यानंतरचे कागद पत्नी क्लेमेंटाइन यांनी १९६९ मध्ये केंब्रिजच्या चर्चिल महाविद्यालयास दान केले. एकाच व्यक्तीच्या संग्रहाचा उत्तरार्ध अशा रीतीने दान म्हणून मिळाला, तर पूर्वार्धासाठी पैसे मोजावे लागले.

संग्रहाचे स्वरूप

दोन्ही भाग मिळून सुमारे दहा लाख दस्तऐवज आहेत. त्यांत शालेय वयातील पत्रे, राजकीय पत्रव्यवहार, ग्रंथांची हस्तलिखिते आणि १९४० मधील युद्धकालीन भाषणांची टिपणे आढळतात. चर्चिल १८९६ मध्ये लष्करी अधिकारी म्हणून मुंबईत उतरले व पुढे बंगळूरच्या छावणीत राहिले. तेथून त्यांनी आईला लिहिलेली पत्रे येथे आहेत. १९३० च्या दशकात हिंदुस्थानला स्वराज्याचे अधिकार देण्यास त्यांनी केलेल्या विरोधाविषयीचे कागदही असल्याने भारतीय अभ्यासकांसाठी हा संग्रह महत्त्वाचा ठरतो.

वाद

लॉटरी नोव्हेंबर १९९४ मध्येच सुरू झाली होती. सामान्य तिकीटधारकांचा पैसा एका प्रतिष्ठित घराण्याकडे जातो, यावर टीका झाली. चर्चिल यांचे नातू त्या वेळी सत्ताधारी हुजूर पक्षाचे खासदार होते, त्यामुळे टीकेला धार चढली. पदावर असताना तयार झालेले कागद मुळात सरकारच्याच मालकीचे नव्हेत काय, असाही प्रश्न विचारला गेला. शिवाय चर्चिल यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कुटुंबाकडेच राहिला. म्हणजे राष्ट्राला कागद मिळाले, मजकुराच्या प्रकाशनाचा हक्क मिळाला नाही. संग्रह विखुरला किंवा परदेशी गेला असता तर ती हानी भरून निघाली नसती, असा समर्थकांचा युक्तिवाद होता.

पुढील वाटचाल

संग्रहाची मालकी ‘सर विन्स्टन चर्चिल अर्काइव्ह ट्रस्ट’ या न्यासाकडे असून जतनाचे काम चर्चिल महाविद्यालयाचे अभिलेखागार करते. तेथे कागदपत्रांची तपशीलवार सूची तयार करण्यात आली. २०१२ मध्ये ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने संग्रहाची अंकीय आवृत्ती उपलब्ध केली. २०१५ मध्ये युनेस्कोने ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत या कागदपत्रांचा समावेश केला. राजकीय नेत्याच्या कागदांत खासगी काय आणि सार्वजनिक काय, या प्रश्नाच्या चर्चेत या व्यवहाराचे उदाहरण उद्बोधक ठरते.