चिलखताचा भार

खंडेनवमीस शस्त्रपूजेच्या पाटावर तलवार येते, कट्यार येते, ढालही येते. चिलखत सहसा येत नाही. वार करणाऱ्या वस्तूस जो मान मिळतो तो वार सोसणाऱ्या वस्तूस मिळू नये, हे जरा चमत्कारिकच. वस्तुतः लढणाऱ्यास चिलखताइतका निकटचा सहवास दुसऱ्या कोणत्याही आयुधाचा घडत नसे. तलवार म्यानात जाई, ढाल पाठीवर जाई. चिलखत मात्र घटकान्‌घटका अंगावरच राही. तो भार ही माणसे वाहत तरी कशी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडच्या पायथ्याशी घडलेल्या प्रसंगाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

कड्यांचे चिलखत म्हणजे हजारो बारीक लोखंडी कड्यांचे विणकाम. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली, आणि चांगल्या कामात प्रत्येक कडीची टोके चपटी करून रिवेटाने जोडलेली असत. फारसीत या विणीस जिरह म्हणतात. आपल्या जिरेटोपात तोच शब्द लपून बसला आहे. असा पूर्ण अंगरखा साधारणतः ९ ते १४ किलोंचा भरतो. वजन तसे अफाट नव्हे. आपल्याकडचा हमाल याच्या कित्येक पट ओझे उचलतो. अडचण वजनाची नाही, ते कोठे पडते याची आहे. पत्र्याचे कवच स्वतःच्या आकाराने थोडेफार सावरून राहते. कड्यांच्या विणीस स्वतःचा आकारच नाही. ती भिजल्या घोंगडीसारखी लोंबते आणि सगळा भार दोन्ही खांद्यांवर आणि मानेच्या मुळाशी येऊन बसतो. प्रहरभर असे वागविले की हात वर उचलणे जड होते, आणि ज्याचा हात उचलत नाही त्यास चिलखत असून उपयोग काय?

यावरचा उपाय जगात जेथे जेथे कड्यांचे चिलखत होते तेथे तेथे सापडलेला दिसतो. चिलखत घातल्यावर ते कमरेपाशी किंचित वर ओढून घ्यावयाचे, त्यावर पट्टा किंवा शेला आवळून बांधावयाचा, आणि वरचा भाग पट्ट्यावर थोडा सैल ओघळू द्यावयाचा. असे केले की भाराचा मोठा वाटा खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर येतो. भरली घागर हाताने लोंबत नेणारी आणि तीच कमरेवर घेणारी, यांतला फरक आपल्या घरच्या स्त्रियांस कोणी समजावून सांगावा लागत नाही. कमर कसणे हा शब्दप्रयोग आपण आता नुसता निश्चयाच्या अर्थी वापरतो. तो ज्यांनी रूढ केला त्यांच्या लेखी ती रोजची, शरीराची गोष्ट होती.

दुसरी काळजी आतल्या वस्त्राची. उघड्या अंगावर किंवा पातळ सदऱ्यावर कड्या घातल्या तर त्या काचतात आणि खांद्यांची सालटी काढतात. म्हणून आत कापूस भरून टाचलेला जाड डगला हवा. त्याचे काम केवळ सुखाचे नव्हे. कड्या धार अडवितात, आघात अडवीत नाहीत. तलवार कापू शकली नाही तरी हाड मोडू शकते, आणि तो धक्का गिळण्याचे काम कापसाचे. मात्र या डगल्याची किंमत उष्म्याने द्यावी लागे. ऊन लोखंडावर थेट पडू नये म्हणून वरूनही एक वस्त्र घालीत. पॅलेस्टाइनमध्ये उतरलेल्या युरोपीय क्रूसेडवीरांनाही हीच युक्ती उपयोगी पडे. तरीही ४ जुलै ११८७ रोजी हत्तीन येथे सलाहुद्दीनाने त्यांचा जो धुव्वा उडविला त्यात तलवारींइतकाच तहानेचाही वाटा होता.

दख्खनच्या कारागिरांनी आणखी एक सोय केली. कड्यांच्या विणीत छातीपोटावर लहानमोठे पत्रे बसवून समोरून उघडणारी चिलखते त्यांनी बनविली. डोक्यावरून ओढावयाचे चिलखत उतरविणे ही एक कसरतच असते. ओणवे होऊन ते मानेवरून खाली झटकावे लागते. समोर उघडणाऱ्या चिलखतास हे नको. आदिलशाही मुलखातील असे काही नमुने सतराव्या शतकाच्या अखेरीस अदोनीहून बिकानेरच्या महाराज अनूपसिंहांकडे गेले, आणि बिकानेरच्या शस्त्रागारातील वस्तूंवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरे आजही वाचता येतात.

आता प्रतापगड. तेथली गरज निराळीच होती. रणांगणावर चिलखत दिसले तरी चालते. तेथे ते दिसता कामा नये, वाजता कामा नये, आणि आलिंगनाच्या वेळी अंग आखडता कामा नये. शिवाजीमहाराजांनी त्या दिवशी काय घातले होते, याचा पुरावा पाहू. राजाराममहाराजांसाठी जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद ‘जरीची कुडती’ म्हणतो, आणि कास कसल्याचेही नोंदवितो. जर म्हणजे सोन्याचा कशिदा, असा सरळ अर्थ कोणी घेईल. पण खानाची कट्यार त्या कुडतीवर ‘खरखरली’, अंगास लागली नाही, असे तोच साक्षीदार पुढे सांगतो. कशिद्यावर पोलाद खरखरत नाही, कड्यांवर खरखरते. तेव्हा येथे जिरहची कुडती वाचणाऱ्या अभ्यासकांच्या बाजूने आम्ही निकाल देऊ. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तर सुती झग्याखाली कड्यांचे चिलखत आणि पागोट्याखाली पोलादी टोपी असल्याचे स्पष्टच म्हणतो.

हाच ग्रँट डफ पहिला वार महाराजांचा ठरवितो, आणि ते चिलखतही कपटाच्या खाती जमा होते. आमच्या व्यवसायात ही नोंद टिकणार नाही. चिलखताने कोणाचा प्राण घेता येत नाही. ते अंगावर असणे हा हल्ल्याच्या इराद्याचा पुरावा नव्हे, हल्ल्याच्या भीतीचा आहे. आणि तुळजापूर-पंढरपूरची वार्ता ऐकलेल्या माणसाची ती भीती अवाजवी कोण म्हणेल? स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेने मानला, २०२३ च्या न्यायसंहितेनेही तो तसाच ठेवला. बिचवा आणि वाघनख यांची गोष्ट वेगळी, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. ती मारण्याची साधने, आणि त्यांचा विचार पहिला वार कोणाचा या वादातच व्हावयास हवा. चिलखतास त्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.

वादात एक साधी गोष्ट मात्र राहून जाते. भेट गडाखाली झाली होती. सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडविला, खान पडला, तरी महाराजांचे काम संपले नव्हते; जावळीच्या रानात दबा धरून बसलेले लोक तोफेच्या इशाऱ्याची वाट पाहत होते. तेवढा भार अंगावर असताना महाराज प्रतापगडाची चढण चढून वर गेले, आणि मग तोफ झाली.