मोटार कॅरव्हॅनच्या टायरमधील हवेचा दाब

मोटार कॅरव्हॅन, म्हणजेच निवासाची सोय असलेले मोठे प्रवासी वाहन, याच्या टायरमधील हवेचा योग्य दाब प्रत्येक आसावर पडणाऱ्या प्रत्यक्ष भारावरून ठरतो. हा दाब पीएसआय या एककात मोजतात. बोलीभाषेत त्याला 'पौंड' म्हणतात. १०० पीएसआय म्हणजे सुमारे ६९० किलोपास्कल.

दाबाची निवड

टायरच्या बाजूवर छापलेला दाब सामान्यतः त्याच्या कमाल भारक्षमतेशी निगडित असतो. तो प्रत्येक वाहनासाठी शिफारस केलेला दाब नसतो. पाण्याची टाकी, इंधन, सामान व प्रवासी यांसह भरलेल्या वाहनाचा प्रत्येक आस वजनकाट्यावर स्वतंत्रपणे तोलतात. शक्य असल्यास डाव्या व उजव्या बाजूंचे वजनही वेगळे घेतात. अधिक भार असलेल्या बाजूनुसार टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यातून दाब निवडून त्या आसावरील सर्व टायरांत तो समान ठेवतात. जोडचाकांतील प्रत्येक टायरची भारक्षमता एकेरी चाकापेक्षा कमी धरली जाते. उदाहरणार्थ, १५२/१४८ भारनिर्देशांकाच्या टायरची क्षमता एकेरी चाकावर ३,५५० किलोग्रॅम, तर जोडचाकांत प्रत्येकी ३,१५० किलोग्रॅम असते. चाकाच्या रिमसाठी ठरलेली दाबमर्यादाही ओलांडता येत नाही.

तापमानाचा परिणाम

तक्त्यातील दाब 'थंड' टायरसाठी असतो. त्यामुळे वाहन किमान तीन तास उभे राहिल्यावर, शक्यतो पहाटे, दाब मोजतात. २५ अंश सेल्सियसला १०० पीएसआय असलेला दाब ६५ अंशांना सुमारे ११५ पीएसआय होतो. ही वाढ तक्त्यात गृहीत धरलेली असल्याने तापलेल्या टायरमधील हवा सोडत नाहीत. सोडल्यास टायर थंड झाल्यावर दाब अपुरा पडतो. अपुऱ्या दाबामुळे टायरच्या बाजू वारंवार वाकतात, उष्णता साठते आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. अतिरिक्त दाबामुळे टायरचा मधला भाग लवकर झिजतो व पकड घटते. नायट्रोजन भरला तरी दाबाची तपासणी टळत नाही.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. भंडारा जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी व साकोली यांना जोडतो; साकोलीमार्गे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाकडे जाता येते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर हिवाळ्यातील पहाट बरीच गार असते. म्हणून मे महिन्यात भरलेला दाब डिसेंबरमध्ये, गळती नसतानाही, कमी आढळतो. ऋतू बदलताच तो पुन्हा तपासावा लागतो.